नुसत्या पाण्याची साक्ष

प्रयोगशाळा चालवणाऱ्या साहेबांच्या डोक्यावर सात घाव होते. पहिल्याच घावात जीव गेला असावा, असं पोलिसांच्या डॉक्टरचं म्हणणं. उरलेले सहा निव्वळ रागाचे. नळ्या तापवायचा लोखंडी ठोकळा रक्ताने माखून शेजारी पडला होता, आणि कचऱ्याच्या डब्यात सापडला होता मिश्रणं बनवणाऱ्या मुलीचा कोट, रक्तात भिजलेला.

त्या मुलीचा बाप, लोकांच्या असल्या भानगडी उकलून देणाऱ्या ताईंच्या पुढ्यात बसला होता. टेलरिंगचं दुकान चालवणारा किरकोळ माणूस. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद झालेला.

"मयताच्या भावानं दुकानात शिरून मारलं," तो म्हणाला. "म्हणतो, पोरगी सुटली तर दारातच चिरीन. आणि कोठडीत पोलिसांनी काल तिची दोन बोटं मोडली, ताई. कबूल कर म्हणून. आज-उद्या ती कबूल करेल. कोणीही करेल."

भाऊजींच्या मुठी वळल्या. ताईंच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. वीस वर्षं ट्रक चालवलेले. डोक्याचं काम ताईंचं आणि हाताचं आपलं, अशी वाटणी त्यांनी कुणाला न विचारता करून टाकली होती.

"चला, भाऊजी," ताई उठल्या. "आज हात खिशात ठेवा."

विषाणू तपासणारी ती प्रयोगशाळा म्हणजे एका बोळाला लागून तीन खोल्या. पुढच्या खोलीत मुलगी मिश्रणं बनवायची, मधल्या खोलीत त्यांत रुग्णांचे नमुने पडायचे आणि शेवटच्या खोलीत चष्मेवाले निकालाच्या कागदी पट्ट्या वाचायचे. सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत.

"या भाऊजींना कळेल असं सांगा," ताई त्यांना म्हणाल्या.

"मिश्रणात जनुकं कापणारी कात्री असते," चष्मेवाले म्हणाले. "तिला विषाणूच्या एका ठरावीक तुकड्याचा पत्ता दिलेला असतो. तो तुकडा भेटला की ती कापत सुटते आणि पट्टीवर दुसरी रेघ उमटते. पण नमुन्यात विषाणू अगदी थोडा. म्हणून आधी त्या तुकड्याच्या कोट्यवधी नकला बनवतो. त्या नळ्या फक्त माझ्या खोलीत उघडतात."

"म्हणजे झेरॉक्स," भाऊजी म्हणाले.

"तेच. पण त्या नकला अंगाला, केसांना चिकटतात. म्हणून माझ्या खोलीतून पुढच्या खोलीत जायचं नाही. नऊ वर्षांत मी तिथं पाऊल टाकलेलं नाही. परवा प्रेतसुद्धा काचेतूनच पाहिलं."

"परवा सकाळी काम ठीक चाललं होतं?"

"अगदी. दर खेपेला एका नळीत नमुन्याऐवजी नुसतं पाणी घालतो. तिची रेघ उमटता कामा नये. परवा सकाळी नव्हती उमटली."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही. बायको तीन आठवड्यांपूर्वी तापानं गेली."

नमुन्यांच्या पेट्या आणणारा माणूस पायरीवर विडी ओढत होता.

"साहेबांनी मागल्या आठवड्यात माझ्या थोबाडीत मारली होती, साऱ्यांदेखत," तो म्हणाला. "टिपूस काढणार नाही मी त्यांच्यासाठी. पण मारलं नाही. साहेब चार दिवस बाहेरगावी होते, परवा बाराला आले ते कानाला फोन लावून सरळ पुढच्या खोलीत. मी पेटी मधल्या खोलीत ठेवली. एक वाजता बघतो तर दाराखालून रक्त."

"शेवटच्या खोलीत तुम्ही जाता?"

"कसा जाणार? कुलूप चष्मेवाल्यांच्या आणि साहेबांच्याच अंगठ्याला उघडतं."

कोठडीत मुलगी हात छातीशी धरून बसली होती. ओठ कोरडे पडलेले.

"साहेब आत आले तशी मी कोट खुंटीला टांगून गच्चीवर जेवायला गेले," ती म्हणाली. "टेबलावर मिश्रणाच्या चार नळ्या होत्या. झाकणं लावायची राहिली."

ताईंनी इन्स्पेक्टरांच्या मागे लागून त्या नळ्या दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंकडे पोचवल्या. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"दोन नळ्यांत रक्त उडालं होतं. उरलेल्या दोन घेतल्या, त्यांत नुसतं पाणी घातलं. तरी रेघ उमटली! तुम्ही म्हणालात म्हणून त्याच विषाणूच्या दुसऱ्या तुकड्यासाठी वेगळी कात्री लावली. तिथं काही नाही. आणि हो, यांच्या मिश्रणात कात्री निम्मीच आहे. आजार नुकता लागलेला असेल तर पकडणारच नाही."

संध्याकाळी सगळे बोळात जमले. मुलीला बेड्यांसकट आणलं होतं.

"रुग्णाच्या नमुन्यातून विषाणू सांडला असता, तर त्याचे दोन्ही तुकडे सापडले असते," ताई म्हणाल्या. "सापडला एकच, नकला होतात तेवढाच. पुस्तक खोलीत आलंच नाही, एका पानाचं झेरॉक्स आलं. तेही दुपारी, कारण सकाळचं पाणी चोख होतं. नकला जिथं असतात ते कुलूप दोघांच्या अंगठ्याला उघडतं. साहेब चार दिवस तिकडे फिरकले नव्हते. राहिलं कोण? रक्त उडू नये म्हणून मुलीचा कोट चढवलात, चष्मेवाले. पण डोक्यावरचे केस तुमचेच होते."

चष्मेवाल्यांनी स्टूल उचललं ते ताईंवर नव्हे, मुलीवर. भाऊजींनी हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. तरी दुसऱ्या हाताने त्यांनी त्या माणसाचं तोंड भिंतीवर आपटलं, त्याला खाली पाडलं आणि छातीवर गुडघा रोवला.

"बायकोची पट्टी मी स्वतः वाचली!" चष्मेवाल्यांच्या तोंडातून रक्त येत होतं. "दुसरी रेघ नव्हती. घरी जा म्हटलं तिला. चार दिवसांत गेली. आणि त्या दिवशी साहेब बोळातून जाताना फोनवर हसत होते, पाच महिने निम्म्या कात्रीत भागवतोय म्हणून. ते निम्मं मोजत कोण होतं? मुद्दाम तिचाच कोट घेतला मी! विचारा तिला!"

इन्स्पेक्टरांनी मुलीच्या बेड्या काढल्या. बापाने तिला पोटाशी धरलं. तो लहान पोरासारखा हुंदके देत होता. मग तिचे खांदे धरूनच त्याने विचारलं, "तुला माहीत नव्हतं ना, बाळा? निम्म्यानं काय होतं ते?"

"साहेबांनी सांगितलं होतं, बाबा."

"पण माहीत नव्हतं ना?"

"आईची आणि तुमची तपासणी झाली ना," ती हळूच म्हणाली, "तेव्हा मी पूर्ण घातली होती."

बापाचे हात तिच्या खांद्यांवरून खाली आले. गुडघ्याखालचा माणूस धडपडायचा थांबला, हे भाऊजींना जाणवलं. दुखऱ्या हाताकडे त्यांचं लक्षच नव्हतं.