पाय गरम ठेवा

ओले मोजे सरळ स्टोव्हवर ठेवायचे नाहीत. स्टोव्हच्या वर दोरी बांधायची आणि तिच्यावर टाकायचे. आमच्या बर्फाळ निइगातात हे पोरांना शाळेत जायच्या आधीच कळतं.

पोस्टकार्डावर बारीक अक्षरात लिहिलं तर चौदा ओळी मावतात.

जून २०१२मध्ये माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मला हसता येतं, पण हसण्याला आवाज नाही. सायकलच्या चाकातून हवा जाते तसं काहीतरी होतं.

टीव्ही स्टेशनकडे आमच्या कार्यक्रमाची एकही टेप उरलेली नाही. होत्या त्यांच्यावर पुढे शाळांचे बेसबॉलचे सामने घेतले गेले.

तो कार्यक्रम करणारा कुवाबारा तेत्सुओ यंदा मे महिन्यात वारला. वर्तमानपत्रात नऊ ओळी आल्या. फोटो वीस वर्षांपूर्वीचा होता, आणि फोटोतही तो मायाळू दिसत होता.

*

मी ओबाता. तेत्सु-सानच्या शुक्रवारच्या कार्यक्रमाचा लेखक. कार्यक्रम मध्यरात्र उलटून पंचवीस मिनिटांनी लागायचा आणि थेट जायचा. प्रेक्षक नसायचे. एक खुर्ची, एक टेबल, पोस्टकार्डांचा गठ्ठा आणि तो. सुरुवातीला तो म्हणायचा, "झोप येत नाही ना? मग या." शेवटी म्हणायचा, "शनिवार लागला. पाय गरम ठेवा." कॅमेऱ्याखाली, चित्रात दिसणार नाही असा, मी मांडी घालून बसायचो आणि हसायचो. आमच्या धंद्यात लेखकाने हसायचंच असतं. घरी एकट्या बसलेल्या माणसाला आपल्याबरोबर आणखी कुणीतरी हसतंय असं वाटावं म्हणून. माझं हसू मोठं होतं, आधी श्वास आत ओढायचा आणि मग सुटायचं. रस्त्यात लोक मला ओळखत नसत. मी हसलो की ओळखत.

बुधवारी दुपारी मी पत्रं निवडायचो. तीन ढीग. वाचायची, न वाचायची, आणि तिसरा छोटा ढीग, ज्यांना स्टेशनच्या बाईंनी फोन करायचा किंवा पत्र लिहायचं अशांचा. हा तिसरा ढीग आपली कल्पना, असं तेत्सु-सान मुलाखतीत सांगायचा. कल्पना त्या बाईंची होती. त्याने तो ढीग एकदाही उचलून पाहिला नाही. हसवणारं पत्रच जर काळजीचंही असलं, तर ते कुठल्या ढिगात टाकायचं, याचा मात्र नियम नव्हता.

सप्टेंबरात सेकिने नावाच्या बाईंचं पत्र आलं. त्यांचं कपडे धुण्याचं दुकान आहे. त्यांनी १९८८ पासूनचा प्रत्येक भाग घरी टेप केला होता. तेत्सु-सानच्या आठवणीसाठी चाहते जमणार होते आणि एक भाग सगळ्यांनी मिळून पाहणार होते. "कुठला, ते मतांनी ठरवलं. सगळ्यांनी एकच भाग निवडला. २२ जानेवारी १९९३. तुम्ही यावंत, ही विनंती."

ती तारीख मला पत्र न उघडताही सांगता आली असती. मी ठरवलं, जायचं आणि ती टेप घेऊन यायची. मागून, नाहीतर चोरून. ती पुन्हा कुणी ऐकायला नको होती.

*

रविवारची दुपार, ऑक्टोबरचं कोरडं ऊन. समाजमंदिराच्या दुसऱ्या मजल्यावर चटयांची खोली. बूट खाली काढून सगळे मोज्यांवर. पडदे ओढलेले, पुढे जुना टीव्ही. बांबूच्या पानात गुंडाळलेले दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड गोळे, आणि बार्लीचा चहा. प्रत्येकाच्या छातीवर कागदाची पट्टी, तिच्यावर पत्रात वापरायचं टोपणनाव.

"खरं नाव नको हं," सेकिने-सान म्हणाल्या. त्यांच्या पट्टीवर 'चुरगळलेली कॉलर' असं होतं. "खऱ्या नावाने इथे कुणी कुणाला ओळखत नाही. तुमची पट्टी मीच केलीय."

माझ्या पट्टीवर 'हसणारा' असं होतं.

"अहो, तुम्हीच ते!" शेजारचे टकले गृहस्थ माझ्या खांद्यावर थाप मारत म्हणाले. पट्टीवर 'रिकामी गाडी'. चाळीस वर्षं टॅक्सी चालवलेली. "हसून दाखवा की एकदा!"

मी गळ्यावरची खूण दाखवली. त्यांचं तोंड उतरलं.

"गेलं होय... चांगलं होतं हो. बायकोच्या रडण्यापेक्षा तुमचं हसणं मी जास्त ऐकलंय."

"म्हणून तर गेली ती," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

सतरा माणसं आणि मी, बसायला एकोणीस उशा. माझ्या डाव्या हाताची उशी रिकामी होती. तिच्यावर एक पट्टी ठेवलेली. 'ओले मोजे'.

"तिची पत्रं सगळ्यांत जास्त वाचली गेली," सेकिने-सान म्हणाल्या. "पत्ता मिळाला नाही. पण पेपरात वाचून आलीच, तर जागा असावी."

मी मान हलवली. पत्ता माझ्याकडे होता. माझ्या टेबलाच्या खणात, एकवीस वर्षं.

*

ओले मोजे दर आठवड्याला लिहायची. तीन वर्षं. तांदळाच्या बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होती, सासूजवळ राहायची, एवढंच आम्हाला माहीत. त्या दिवशीचं पत्र असं होतं:

'कारखान्यातून घरी येईपर्यंत माझे मोजे रोज ओले होतात. घरात स्टोव्ह एकच. त्याच्या वरच्या दोरीवर कायम सासूबाईंचे मोजे. सासूबाई तर नोव्हेंबरपासून घराबाहेर पडलेल्या नाहीत. विचारलं, तर म्हणाल्या, पण पडले असते तर?'

इथे मी हसलो. बुधवारी निवडताना हसलो आणि शुक्रवारी पुन्हा हसलो. दोन्ही वेळा खरं हसलो, हे मला सांगितलंच पाहिजे.

त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. वेळ कमी होता. मी त्यांच्यावर पेन्सिलीने रेघ मारली आणि पत्र पहिल्या ढिगात टाकलं.

'शुक्रवारी तो कॅमेऱ्याखालचा माणूस हसला नाही, तर मी त्यांचे मोजे काढून माझे वाळत घालीन. हसला, तर ओलेच घालून बाहेर जाईन. परत यायचं नाही.'

मला वाटलं, हाही विनोदच आहे. निदान असं वाटलं, असं मी स्वतःला सांगितलं.

तेत्सु-सानने पत्र वाचलं. मी हसलो. पेन्सिलीच्या रेघेखालची अक्षरं दिसत होतीच. त्याचे डोळे तिथे गेले, थांबले. मग त्याने पत्र पालथं ठेवलं आणि पुढचं उचललं. कार्यक्रमाच्या शेवटी म्हणाला, पाय गरम ठेवा.

पुन्हा तिचं पत्र आलं नाही. मार्चमध्ये त्याने विचारलं, "ए ओबाता, ती मोजेवाली बंद झाली काय रे?"

"कंटाळली असेल," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला. "बायका कंटाळतात." आणि दाढीचा साबण मागितला.

*

टेप लावण्याआधी चाहते बोलत होते. मी ऐकत होतो, आणि आधी मला वाटलं की ते दुसऱ्याच भागाबद्दल बोलतायत.

"तो भाग म्हणजे..." रिकामी गाडी म्हणाले, "आम्ही आठ ड्रायव्हर होतो विश्रांतीच्या खोलीत. एकानेही चहाचा घोट घेतला नाही."

"मी इस्त्री तशीच ठेवली," सेकिने-सान म्हणाल्या. "शर्टाला भोक पडलं. अजून ठेवलाय तो."

"का?" मी विचारलं. माझा आवाज खरखरीत येतो, दोनदा विचारावं लागलं.

"का म्हणजे? ती शेवटची ओळ, ओबाता-सान. हसला नाही तर मोजे वाळत घालीन. तेत्सु-सानने ती वाचली आणि तो गप्प बसला. पूर्ण एक मिनिट. आणि तुम्ही..." त्यांनी डोळे टिपले. "तुम्ही हसला नाहीत."

"तेव्हा मी म्हटलं," रिकामी गाडी म्हणाले, "ही माणसं चांगली आहेत."

सतरा जणांनी माना हलवल्या. काहीजण माझ्याकडे बघत होते, देवळात बघतात तसे.

ती ओळ फक्त तीन माणसांनी वाचली होती. एक मेमध्ये वारला. एक मी.

*

चित्रात आधी बर्फासारखे ठिपके आले. मग खुर्ची, टेबल, तो. पन्नाशीतला, केस तेल लावून मागे वळवलेले. झोप येत नाही ना? मग या. खोलीतल्या सगळ्यांनी नकळत मान लववली.

माझं हसू दोन पत्रांवर आलं. तरुण, मोठं. मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

मग त्याने ते पत्र उचललं. कारखाना. स्टोव्ह. दोरी. नोव्हेंबर.

पण पडले असते तर?

मी वाट पाहिली. हसू आलं नाही.

टेपवर शांतता होती. तेत्सु-सानचे डोळे खाली गेले, थांबले. मग त्याने पत्र जरा जवळ धरलं आणि वाचलं. दोन्ही ओळी. शब्द न शब्द.

नंतर तो कॅमेऱ्याच्या खाली बघत राहिला. तिथे मी बसायचो.

मला आठवतं ते खोटं असेल, असं माझ्या मनात आलं. सतरा माणसं चुकत नाहीत. टेप चुकत नाही. मी चूक होतो. मी हसलो नव्हतो. तिने मोजे वाळत घातले, कारखाना सोडला, कुठेतरी दुसरीकडे म्हातारी होतेय. एकवीस वर्षं मी उगाच. माझ्या गालांवर पाणी आलं. रिकामी गाडींनी माझा हात दाबला.

टीव्हीत तो अजून बघत होता. अर्धं मिनिट गेलं असेल.

श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

टीव्हीतून नाही.

मग हसू. मोठं, तरुण, पोटातून आलेलं. माझ्या जागेवरून.

मी तोंडावर हात ठेवला. तोंड मिटलेलं होतं.

ते चालूच राहिलं. सगळे मागे वळले.

टीव्हीत तेत्सु-सानने मान हलवली. पत्र पालथं ठेवलं. पुढचं उचललं.

*

कुणीतरी पडदे उघडले. ऊन आत आलं.

"का हसलात?" शेवटी सेकिने-सान म्हणाल्या. हळू आवाजात. "एवढ्या वर्षांनी का हसलात?"

"मी नाही," मी खरखरलो. "मला येत नाही. तुम्हाला सांगितलं..."

"ऐकलं आम्ही," रिकामी गाडी म्हणाले. त्यांनी माझा हात कधी सोडला, मला कळलं नव्हतं.

सेकिने-सान उठल्या, टेप बाहेर काढली आणि माझ्यासमोर चटईवर ठेवली. "घेऊन जा. आम्हाला नको ही आता."

म्हणजे ज्याच्यासाठी आलो होतो ते मिळालं. मागावंही लागलं नाही. मी उठलो तेव्हा सेकिने-सान डावीकडच्या रिकाम्या उशीपुढे फडकं घेऊन वाकल्या होत्या. चटईवर शेजारी-शेजारी दोन ओले डाग होते, पावलाएवढे.

"चहा सांडला वाटतं कुणाचा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फडकं नाकाजवळ नेलं, आणि उशीवरची पट्टी पालथी केली.

जिन्यात मला कुणी निरोप दिला नाही. त्या लोकांची एकमेकांना निरोप द्यायची पद्धत असते. 'पाय गरम ठेवा' म्हणतात. वरून त्यांचं एकमेकांना म्हणणं ऐकू येत होतं.

घरी टेप एकदाच लावली. तिच्यावर त्या दोन ओळी नाहीत. 'पण पडले असते तर?' आहे, माझं हसू आहे, आणि डोळे खाली नेऊन पत्र पालथं ठेवणारा तो आहे.

ते पोस्टकार्ड बुधवारी, २० जानेवारीला आलं. त्याच्यावर पूर्ण पत्ता होता. स्टुडिओपासून चालत अकरा मिनिटं.