बिनआवाजी पिकअप

मला गिटारचे पिकअप बदलायचे होते. बाकी काही नाही. माणूस चष्म्याची काच बदलायला जातो तितकं साधं काम.

माझं नाव धैर्यशील. नाव वडिलांनी ठेवलंय, त्यात माझा दोष नाही. दिवसा पेठ वडगावला शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी कोल्हापुरात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. तारांखाली जी पट्टी असते ना, तो पिकअप. आत लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाएवढ्या तारेचं वेटोळं. एकच वेटोळं असलं की आवाज असा लख्ख निघतो, जणू काचेच्या ग्लासावर कुणी चमचा वाजवला. पण त्याला एक खोड असते. आसपासच्या विजेची घूंऽऽ तो पकडत राहतो. तुम्ही वाजवा, थांबा, घूं चालूच.

त्या घूंमुळं संयोगिताचं गाणं अडलं होतं. आमच्या बँडमध्ये ती आणि मी, दोघंच. तिनं पहिल्यांदाच स्वतः गाणं लिहिलं होतं, आणि महिनाअखेर ती नोकरीसाठी पुण्याला निघणार होती. त्याआधी रेकॉर्ड झालं तर झालं. स्टुडिओवाल्यानं मात्र पहिल्याच दिवशी हात जोडले. "आधी ह्यो भुंगा मारून या," म्हणाला.

सराव आम्ही उद्यमनगरात करायचो. विजयसिंहांचं लेथचं वर्कशॉप आहे, त्याच्या माथ्यावर एक खोली. तिथं त्यांच्या आई राहायच्या, झुंबरबाई. त्या गेल्या, खोली रिकामी पडली, आम्हाला मिळाली.

त्या रविवारी दुपारी मी एकटाच होतो. आठवडाभर तिथं कान फुटतात, म्हणून रविवारची शांतता अंगावर येते. लेथ बंद, प्रेस बंद, भट्ट्या गार. खिडकीवर शेजारच्या शेडचा पत्रा आलेला, त्यामुळं भरदुपारी खोलीत तिन्हीसांज झालेली. ग्रीसचा वास, लोखंडाच्या किसाचा वास. कुठंतरी पत्रा तापून मधूनच टक् करायचा, आणि पुन्हा सगळं चिडीचूप.

मी ॲम्प लावला. घूंऽऽ सुरू झाली. तारा जुळवता जुळवता माझ्या लक्षात आलं, की आज ही घूं सरळ नाहीये. तिला चढउतार आहे. झोपलेलं माणूस कूस बदलताना कण्हतं, तसं काहीतरी. मग वास आला. मिसरीचा. तव्यावर तंबाखू भाजल्यावर येतो ना, तो खमंग, घशात बसणारा वास. खोलीत तवा नव्हता. मिसरी लावणारंही कुणी नव्हतं.

"...मोटार..."

त्या घूंमधून कुणी म्हातारी बाई बोलत होती.

"...मोटार बंद केलीस का रं? ...टाकी भरून व्हायला लागलीया की..."

मी खिडकीतून मान काढून वर पाहिलं. गच्चीवरच्या टाकीतून पाणी धो धो खाली येत होतं. मी जबाबदार माणूस आहे. आधी मोटारीचं बटण बंद केलं, आणि मग पळालो. गिटार गळ्यातच होती आणि तिची वायर ॲम्पला जोडलेली, त्यामुळं ॲम्पही माझ्यामागं धडाधडा जिना उतरला. मला वाटलं, बाईच आली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर संयोगिताला घेऊन गेलो. तिनं कमरेवर हात ठेवून घूं ऐकली.

"इचार की, कोण हाय."

"तूच विचार," मी दारातूनच म्हणालो.

ती ॲम्पपाशी वाकली. "कोण हाय?"

घूं क्षणभर खाली गेली. "...माझ्याच खोलीत... मलाच इचारती व्हय गं?"

ॲम्प चालूच ठेवून आम्ही खाली गेलो आणि विजयसिंहांना सांगितलं. हा दांडगा माणूस, मिशा पिळलेल्या, हाक मारली तर लेथ बंद पडावा असा. तो वर आला, हसत हसत आला. आणि त्या घूंमधून कुणीतरी म्हणालं, "...विजू, तोंड किती उतरलंय. जेवलास न्हवं?"

विजयसिंह स्टुलावर बसले. बराच वेळ पुसत राहिले, आधी मिशा, मग डोळे.

"आई गेली तवा मी गिऱ्हाइकाकडं गेलतो," ते म्हणाले. "शेवटचं बोलणं झालंच न्हाय हो."

तिथून आमचा सराव संपला. मलकापूरहून त्यांची बहीण वर्षाराणी डबा घेऊन आली. झुंबरबाईंचे यजमान आण्णा आले, त्यांची खुर्ची आली, चहाची किटली आली. सगळे ॲम्पसमोर बसायचे आणि मी तारांना हात न लावता गिटार धरून उभा राहायचो, सलाईनच्या स्टँडसारखा. झुंबरबाई विचारायच्या, गॅस बंद केला का, आमटीत कोकम टाकलं का. आणि दर थोड्या वेळानं हळूच, "...ह्येनी जेवलं का?" आण्णा बशीतून चहाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "हं." त्यापलीकडं ते बोलायचे नाहीत. जिवंतपणीही तेवढंच बोलायचे, असं वर्षाराणी म्हणाली.

भीती जाऊन मला कंटाळा यायला लागला होता. भुताचा कंटाळा येतो, हे कुणी सांगत नाही. संयोगिताचा मात्र संयम सुटला.

"मला पुण्याला जायचंय," ती म्हणाली. "गाणं का आई, काय ते ठरवा."

म्हणून मी बिनआवाजी पिकअप आणायला निघालो. गाडीला किक मारली तर मागं विजयसिंह बसलेले.

महाद्वार रोडच्या एका बोळात चन्नाप्पाचं दुकान आहे. निपाणीकडचा माणूस, गिटारी दुरुस्त करतो आणि न विचारता सल्ला देतो. त्यानं काउंटरवर पिकअप मांडले.

"ह्यात दोन वेटोळी हायत री, एकावर एक. वरचं जे म्हणतंय त्याच्या उलटं खालचं म्हणतंय. दोघं एकमेकाला गप्प करत्यात. घूं संपली."

पहिला लावून पाहिला. घूं गेली, पण तिच्याबरोबर गिटारचा जीवही गेला. गादीखाली दाबून वाजवल्यासारखा आवाज. दुसऱ्यात वेटोळी शेजारी शेजारी होती. तो जाडजूड निघाला, तूप चोपडलेला. तिसरा पुन्हा एकावर एकचाच, पण त्यातला चुंबक वेगळा. मी एक तार छेडली. तोच लख्ख, काचेचा स्वर, आणि त्यामागं पूर्ण शांतता. माझ्या अंगावर काटा आला. चांगल्या अर्थानं.

 विजयसिंह पुढं झुकले. "ह्यात आई येती का?"

"कोण?"

"आई."

चन्नाप्पानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"पावणं," चन्नाप्पा जपून म्हणाला, "आईसाठी येगळं मॉडेल येत न्हाय री."

मग सगळं सांगावं लागलं. चन्नाप्पा हसला नाही. त्यानं तोडगा काढला. गिटारला एक छोटं बटण बसवायचं. बटण वर केलं की दोन्ही वेटोळी चालू आणि घूं बंद, खाली केलं की वरचं एकच वेटोळं चालणार, म्हणजे घूं परत.

"म्हंजे वर गाणं, खाली आई," विजयसिंह म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "पर बसवायचं आईच्या खोलीतच."

अशा रीतीनं चन्नाप्पा वायरींना टाके मारायची कैया घेऊन उद्यमनगरात आला. सगळे जमले. राळेचा धूर वर चढला, शेवटचा टाका पडला आणि बटण वर गेलं.

घूं नाही. काहीच नाही. त्या खोलीत इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. मी वाजवलं, संयोगिता गायली. अख्खं गाणं, पहिल्यांदाच, मधे कुणी कोकम न विचारता. संपलं तेव्हा वर्षाराणी पदरानं डोळे टिपत होती.

"आता आईला इचारू, कसं वाटलं," म्हणत विजयसिंहांनी स्वतः बटण खाली केलं.

घूंऽऽ आली. पण ही घूं वेगळी होती. खालच्या पट्टीतली, खरखरीत. मिसरीचा वास नाही. आधी कुणीतरी खोकलं. छातीत कफ असलेला, म्हाताऱ्या पुरुषाचा खोकला.

"...आलो..."

विजयसिंहांनी ॲम्पकडं कान नेला.

"...आलो गं... पायताण घालतोय..."

आम्ही सगळे आण्णांकडं वळलो. आवाज त्यांचा होता. खोकलासुद्धा त्यांचाच. आण्णा मात्र खुर्चीत बसले होते, बशी ओठाला लावलेली, तोंडात चहा. तो त्यांनी हळूच गिळला.

"मी... काय बोललो न्हाय," ते म्हणाले. त्यांचं एवढं लांब वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"वायर... वायर चुकली री," चन्नाप्पा म्हणाला. "वरच्या जागी खालचं वेटोळं लागलंय." त्यानं कैया टेकवली आणि वायर बदलली. चटका बसला तरी ओरडला नाही.

मिसरीचा वास दरवळला.  मग झुंबरबाई बोलल्या, नव्या नवरीसारखं लाजून.

"...सावकाश या... घाई न्हाय..."

आण्णांनी बशी खाली ठेवली. एक पाय पायताणातून काढला, मग दुसरा. दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीतच मांडी घातली आणि पावलं घट्ट धरून बसले.

त्यानंतर बटण वर करून त्यावर विजयसिंहांनी स्वतःच चिकटपट्टी मारली. गाणं रेकॉर्ड झालं, फार सुंदर झालं, आणि संयोगिता पुण्याला गेली. आण्णांचं पायताण वर्षाराणी पिशवीत घालून मलकापूरला घेऊन गेली. आण्णा तेव्हापासून अनवाणी. उन्हात, खडीवर, डॉक्टरकडंसुद्धा. तब्येत ठणठणीत आहे. उलट आता ते बोलतात, भरपूर बोलतात, गप्प बसलं की तो दुसरा आवाज 'आलो' म्हणंल, असं म्हणतात.

परवाच्या रविवारी दुपारी मी सरावाला गेलो. जिन्याच्या तळाशी पायताणाचा जोड ठेवला होता. नवाकोरा, अजून करकरणारा, तोंड बाहेरच्या दिशेला. मला वाटलं विजयसिंहांनी आणला. ते म्हणाले, मी न्हाय. वर्षाराणीला फोन लावला. ती म्हणाली, मी कशाला आणू?

आण्णा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. खाली यायला तयार नव्हते.

"उलटं करून बघ," ते मला म्हणाले.

मी बघितलं. अंगठ्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. पण डावी टाच पार झिजली होती, कुणीतरी वर्षानुवर्षं वापरल्यासारखी.

आण्णा डाव्या पायावर भार देऊन चालतात.