सर्व्हरची घरभरणी

यादी न बघता मशीन मागवणारी माणसं कुणालीला डोळ्यांसमोर नकोशी व्हायची. आटगावची पोरगी, कल्याणच्या एका कंपनीत सर्व्हर बसवायचं काम करायची, आणि कामाच्या बाबतीत एकदम कडक. कोणत्या सर्व्हरवर कोणती सिस्टीम चालते, त्या सिस्टीमला डिस्कचं कोणतं कार्ड मानवतं, त्या कार्डाच्या आतला प्रोग्रॅम कितव्या आवृत्तीचा हवा, हे सगळं बनवणारे छापून देतात. ती यादी ओळीओळीनं तपासल्याशिवाय ही बाई स्क्रू ड्रायव्हरला हात लावायची नाही. 'चालेल की, लावून बघू' असं कोणी म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडलीच. तिची आई भागीरथी म्हणायची, "तुझं लग्न जुळवताना मुलाकडचे पळून जातील गो. तू त्यांचीपण आवृत्ती विचारशील."

२००३ सालच्या थंडीत मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका पंपांच्या कारखान्याचा सर्व्हर बदलायचं काम तिच्याकडे आलं. भातं झोडून झाली होती. शहापूरहून शेणवा, किन्हवली करत जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून पेंढ्याच्या गंजी दिसत होत्या, आणि एरवी एसटीत बसल्या बसल्या डुलक्या काढणारी कुणाली त्या दिवशी टक्क जागी होती. ह्या कामाला जाणं तिच्या जिवावर आलं होतं. जुना सर्व्हर जगनचा होता.

जगन शेणव्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा. आयटीआय करून कारखान्यात वायरमन लागला, कॉम्प्युटरची गोडी लागली आणि सर्व्हर त्याच्याच गळ्यात पडला. काही अडलं की तो कल्याणला फोन लावायचा. हॅलो म्हणणं त्याला माहीतच नव्हतं. "कुणाली गो!" अशी शेताच्या बांधावरून मारावी तशी हाक मारायचा, आणि ती इकडून म्हणायची, "ओ, बोल." मग दोघं भांडायची. "यादीत नाय म्हणून काय झालं? लावून तर बघू," तो म्हणायचा, मुद्दाम, तिला चिडवायला. तिला तो आवडायचा. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगण्याजोगं काही व्हायच्या आत एका पावसाळ्यात जगन तापानं गेला. पाड्यावरून त्याला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणेस्तोवर फार उशीर झाला होता.

मागं राहिला तो त्याचा आवाज. जगननं मुंबईहून एक जुनं लांबलचक कार्ड आणून सर्व्हरमध्ये बसवलं होतं. पाळी सुटली की ते छपरावरच्या कर्ण्यातून त्याच्याच आवाजात बोलायचं, "पहिली पाळी सुटली. हत्यारं जागेवर ठेवा. सावकाश जा, घरी वाट बघत्यात." माणसांना भोंग्यापेक्षा हे बरं वाटायचं. जगन गेल्यावरही ते कोणी बंद केलं नाही.

बंद न करण्याचं खरं कारण सकुबाई होती. जगनची आई. गेटाबाहेर चिंचेखाली बोरं, आवळे, कोनफळं घेऊन बसायची. दुपारी कर्णा बोलला की ती मान वर करायची आणि म्हणायची, "जेवलास का रे, बाबा?" कर्णा काय बोलणार? ती जरा वेळ ऐकायची आणि मग पुन्हा बोरं मोजायला लागायची. घरी तिला दुसरं कोणी नव्हतं.

कुणालीनं यादी काढली. नवा सर्व्हर आणि सिस्टीम, जुळतात. डिस्कचं कार्ड, जुळतं. माहितीची प्रत ठेवायचं टेपचं यंत्र, आतला प्रोग्रॅम नवा केला तर जुळतं. शेवटी ते लांबलचक कार्ड. ते यादीत असायचा प्रश्नच नव्हता. नव्या सर्व्हरमध्ये तसली खाचच येत नव्हती, त्या कार्डाला बसायला जागाच नव्हती.

"मग भोंगाच लावू आपण," देखभाल बघणारे देवजीभाऊ म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "पण म्हातारीला सांगणार कोण? माझ्यानं नाय होणार, मॅडम."

म्हातारीचा पोरगा दुसऱ्यांदा जाणार होता, आणि ह्या वेळी तो कुणालीच्या हातानं जाणार होता. तिनं देवजीभाऊंचा टेपरेकॉर्डर मागून घेतला. निदान कॅसेटवर आवाज उतरवून म्हातारीला द्यावा, एवढं तरी करावं. दुपारी पाळी सुटताना कर्ण्याखाली उभी राहून तिनं रेकॉर्डिंग केलं आणि आत येऊन ऐकलं.

कॅसेटवर कावळे होते. सायकलींच्या घंट्या होत्या. सकुबाईचं "जेवलास का रे, बाबा?" अगदी स्पष्ट होतं. त्याच्या आधी जिथं जगन बोलला होता, तिथं कर्ण्याची नुसती खरखर होती.

टेपरेकॉर्डर जुना, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं नवी कॅसेट घातली. पुन्हा कावळे, पुन्हा घंट्या, आणि मधे खरखर.

तिसऱ्या दिवशी सकाळी माहिती नव्या सर्व्हरवर उतरवून झाली. तिनं जुना सर्व्हर बंद केला, कर्ण्याची वायर सोडवून तिची गुंडाळी सुतळीनं बांधून टेबलावर ठेवली, आणि ते कार्ड बाहेर काढलं. आवाज ज्या चिपमध्ये साठतो ती चिप काढून कुठं वाचता येते का बघावं, असा तिचा विचार होता. कार्डावर चिपची बैठक होती. चिप नव्हती.

"ती होय," देवजीभाऊ म्हणाले. "ती जगननंच काढून नेली होती. खरखर करते म्हणाला, दुरुस्त करून आणतो. त्याच आठवड्यात पडला की तो आजारी." आणि त्यांची नजर त्या रिकाम्या बैठकीवर गेली.

कुणालीनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. आवाज राहील असं दुसरं काहीही त्यावर नव्हतं. मग एवढे दिवस कर्ण्यातून बोलत कोण होतं, हे दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला विचारलं नाही. देवजीभाऊ चहा सांगायला म्हणून जे गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

कुणाली गेटाबाहेर गेली आणि चिंचेखाली फतकल मारून बसली. "सकुमावशी, जुनं मशीन आज बंद झालं. जगनचा आवाज आता यायचा नाही. मी सगळं करून बघितलं, खरंच बघितलं." एवढं बोलून ती स्वतःच रडायला लागली.

सकुबाईनं तिच्या हातावर आवळा ठेवला. "रडतेस कशाला, बाय? घर बदलताय ना तुमी? मग त्याला सांगितलंत का?"

"काय सांगायचं?"

"आमच्यात घर बदललं का जुन्या घरची चिमूटभर माती घेतात आनि गेलेल्या माणसाला हाक मारतात. चल बाबा, आता तिकडं ऱ्हायचं. नाय सांगितलं तर तो मागंच ऱ्हातो, बघत बसतो बिचारा." ती उठून उभी राहिली. "मला आत ने. मी मारते हाक. पन ओ त्याचा त्यानंच द्यायचा हां. दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाय."

एरवी सर्व्हरच्या खोलीत कुणी चप्पल घालून आलं तर कुणाली फाडून खायची. पण सकुबाईनं चप्पल बाहेर काढली होती, आणि नाही कसं म्हणायचं? आत नवा सर्व्हर घूं करत चालू होता. जुना झाकण काढून खाली ठेवलेला. सकुबाईनं त्याच्या पंख्यावरची धूळ चिमटीत घेतली. ती हळूहळू नव्या सर्व्हरपाशी गेली. धूळ! नव्याकोऱ्या मशीनवर! कुणालीनं दातांखाली ओठ धरला.

"जगन!" सकुबाईनं हाक मारली. "चल रे, ह्या नव्या घरात."

पंखे फिरत होते.

"जगन! ए जगन!"

काही नाही. सकुबाईचा धुळीचा हात तसाच पुढं धरलेला होता.

"जगन्या, आयेला ओ दे की रे..."

म्हातारीचा चेहरा बघवेना. जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखी ती त्या चकचकीत पेट्यांमध्ये उभी होती. काही कळायच्या आत कुणालीच्या तोंडून निघून गेलं.

"ओ."

सकुबाई झटकन वळली. "तू दिलास?"

"चुकलं, मावशी. मला राहवलं नाही."

सकुबाईनं धूळ नव्या सर्व्हरवर ठेवली. मग कुणालीच्या गालावरून हात फिरवला. "माया केलीस गो. पन दिलेला ओ परत मागता येत नाय, बाय." आणि ती बाहेर आपल्या टोपलीपाशी जाऊन बसली.

कुणालीनं शेवटची तपासणी सुरू केली. नव्या सर्व्हरच्या पडद्यावर आतल्या उपकरणांची यादी आली, आणि तीत एक ओळ जास्तीची होती. अनोळखी उपकरण. जागा म्हणून दाखवलेल्या नंबरची खाच त्या बोर्डावर नव्हतीच. पुढं लिहिलं होतं, व्यवस्थित चालू आहे.

तिनं मशीन बंद करून झाकण उघडलं. आत जे असायला हवं तेच होतं. तिनं ती ओळ काढून टाकली आणि मशीन पुन्हा चालू केलं. ओळ परत आली.

दुपार झाली. देवजीभाऊ भोंग्याच्या बटणापाशी उभे राहिले. कर्ण्याची गुंडाळलेली वायर कुणालीच्या समोर टेबलावर होती, सुतळीची गाठसुद्धा तशीच.

बटण दाबायच्या आधी छपरावर खरखर झाली.

"पहिली पाळी सुटली. हत्यारं जागेवर ठेवा. सावकाश जा, घरी वाट बघत्यात."

देवजीभाऊंनी बटणावरचा हात मागं घेतला. बाहेर माणसं रोजच्यासारखी डबे उचलून गेटाकडं निघाली होती. कोणीही वर बघितलं नाही.

कुणाली खिडकीशी धावली. चिंचेखाली सकुबाईनं मान वर केली होती.

"जेवलास का रे, बाबा?"

छपरावर पुन्हा खरखर झाली.

"ओ," कर्णा म्हणाला.

तो जगनचा आवाज नव्हता. बाईचा होता. सकाळच्या गारठ्यानं जरासा बसलेला, कुणालीचा. तिनं तर दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं होतं.

गेटापाशी सकुबाई हसली. टोपलीतलं एक टपोरं बोर तिनं वेगळं काढून बाजूला ठेवलं.

संध्याकाळी आटगावला घरी आल्यावर आईनं चुलीपासून हाक मारली, "कुणाली!" कुणालीनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. बाकीचं सगळं तिला बोलता येत होतं, एवढंच येत नव्हतं. "आले," ती शेवटी म्हणाली. "हाक मारली तर ओ द्यायला काय पैसे पडतात का गो?" आई करवादली.

त्यानंतर कुणाली देखभालीच्या कामासाठी अधूनमधून मुरबाडला जात राहिली. यादी तशीच, ओळीओळीनं तपासायची. त्या अनोळखी उपकरणाच्या ओळीवर आली की तिचा हात थोडा थांबायचा. ते काढायचा मार्ग तिला एव्हाना सापडला होता. मग खिडकीतून चिंचेखाली बसलेली सकुबाई दिसायची, आधीपेक्षा अंगानं भरलेली, गिऱ्हाइकांशी हसून बोलणारी. कुणाली पुढच्या ओळीवर जायची. जगनसाठी एवढंसं करायला तिची काही हरकत नव्हती.

शेवटच्या खेपेला पाळी सुटली, कर्णा बोलला, आणि सकुबाईनं जेवणाचं विचारलंच नाही. टोपली डोक्यावर घेत ती लाडानं म्हणाली, "चल की रे आता घरी."

"आले," कर्णा म्हणाला.

सकुबाई वाटेला लागली. चालताना ती रस्त्याच्या एका कडेनं चालत होती, बरोबरच्या माणसाला जागा ठेवावी तशी.

त्या संध्याकाळी आईनं हाक मारली, तेव्हा कुणालीच्या तोंडून 'आले'सुद्धा निघेना; ती उठली आणि आत जाऊन तिच्यासमोर उभी राहिली.