गाळलेल्या सुरांची वर्तुळे

गिटारला सहा तारा असतात, युकुलेलेला चार. आणि माझ्या युकुलेलेची चौथी तारही उंच सुरातच लावलेली आहे. म्हणजे खर्ज त्या वाद्यातून निघूच शकत नाही. हे माझे मत नव्हे, वस्तुस्थिती आहे. पुढची हकिगत तिच्यावरच उभी असल्यामुळे ती आधी नोंदवतो.

माझा थोरला भाऊ गिटार शिकवीत असे. डावा हात अधू झाल्यावर त्याला गिटारची रुंद दांडी पेलेना. तेव्हा त्याने युकुलेले घेतले आणि गिटारच्या अभिजात रचना त्या चिमुकल्या वाद्यावर बसवल्या. अशा अकरा रचना त्याने पेन्सिलीने एका वहीत उतरवल्या. खर्जाचा सूर जिथे गाळावा लागे, तिथे तो एक लहानसे रिकामे वर्तुळ काढी. मी त्यावरून वाद घातला होता.

"दादा, जे वाजायचंच नाही, ते लिहायचं कशाला?"

"गाळलंय, हे विसरू नये म्हणून. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासलीस, आणि एवढंही कळू नये तुला?"

दादा गेल्यावर मी त्याच वहीवरून त्याचेच युकुलेले शिकलो. पाने झिजू लागली होती, म्हणून शाईने स्वच्छ प्रत केली. वर्तुळे अनावश्यक वाटली, वगळली. पहिल्या पानावर, वरच्या बाजूस, नाव घालायचे होते. मी माझे घातले. त्या वेळी मनाशी जो युक्तिवाद केला, तो इथे लिहायची लाज वाटते.

दादाच्या वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात मी त्यांतली पहिली रचना वाजवली. टाळ्या संपल्यावर वहिनींनी विचारले, "भावोजी, हे तुम्ही बसवलंत?"

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सराव करताना सातव्या मात्रेवर खर्ज वाजला. मंद, गोलसर, लाकडाच्या पोटातून आल्यासारखा.

कपाट कंप पावत असेल, असे समजून ते रिकामे केले. खिडकीच्या काचांत कागदाच्या घड्या सारल्या. पलीकडच्या गल्लीत वहिनींकडे जाऊन दादाची गिटारही पाहून आलो. तिच्या तारा त्यांनी केव्हाच उतरवल्या होत्या. शेवटी वही काढली. सातव्या मात्रेखाली वर्तुळ होते.

मग धंद्याच्या सवयीने अकराही रचना वाजवून वहीशी ताडून पाहिल्या. जिथे वर्तुळ, तिथे सूर. कुठे एक अधिक नाही, एक उणा नाही. इतके निर्दोष मुद्रित माझ्या हातून कधी गेले नव्हते.

आठव्या दिवशी मी वही, प्रत आणि युकुलेले पिशवीत घालून वहिनींकडे गेलो. सगळे कबूल करून टाकायचे ठरवले होते. त्या इस्त्री करीत होत्या.

"बरं झालं आलात. तेच वाजवा ना परत."

"वहिनी, आधी थोडं सांगायचं होतं."

"आधी वाजवा. तुमचं थोडं म्हणजे माझे सगळे कपडे होतील इस्त्री करून."

मी वाजवू लागलो. काही मात्रांनंतर त्यांचा हात थांबला. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"भावोजी, थट्टा करताय का?"

"का?"

"मधेच एखादा सूर वाजवता. बाकी नुसती बोटं हलवताय."

मला माझे सूर स्पष्ट ऐकू येत होते.

"आणि तो सूरही," त्या हळूच म्हणाल्या, "यांच्या गिटारचा आहे."

मी तारांवर तळवा ठेवला.

खर्ज आणखी एकदा वाजला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, रागाने पाहिले असते तर सोपे गेले असते.

"खरं सांगा. हे तुम्हीच बसवलंत ना?"

वही पिशवीत होती. माझा हात पिशवीवर होता.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि उरलेला सदरा हाती घेतला.

घरी येऊन प्रत उघडली. शाईचे सारे सूर जागच्या जागी होते. पहिल्या पानावर, वरच्या बाजूस, जिथे मी माझे नाव लिहिले होते, तिथे कागद कोरा होता. खाडाखोड नाही, ओरखडासुद्धा नाही.

मधोमध, पेन्सिलीने काढलेले, एक लहानसे रिकामे वर्तुळ होते.