टेकडीच्या पायथ्याचा खांब

त्या संध्याकाळी रेइनो कल्लिओ घरून निघाला तो फक्त टेकडीवरचं पडलेलं जाळीचं कुंपण उभं करायला. अर्ध्या तासाचं काम. त्याची बायको सिल्वी वाटाण्याचं सूप ढवळत म्हणाली, "उद्या सकाळी कर की. उणे सत्तावीस आहे बाहेर."

"सकाळपर्यंत पोरं चढतील वर," तो बूट चढवत म्हणाला. "मग कौन्सिलचा फोन तू घेशील का?"

जानेवारीतला शेवटचा गुरुवार होता. सात वाजायचे होते. पण आपल्याकडे जानेवारीत पाचलाच काळोख पडतो, तेव्हा रात्रच म्हणा.

शेगडीत एक लाकूड सरकवा रे कुणीतरी. मघाशी तुम्ही विचारलंत ना, आपल्या केटल हार्बर गावच्या अख्ख्या बागेत दिवे आहेत, मग घसरणीच्या टेकडीखालीच अंधार का? त्याचंच सांगतोय. रेइनो माझा शेजारी, कुंपणाला कुंपण लागून. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो प्यालेला नव्हता. आणि थापा मारायला त्याला कधी जमलंच नाही.

रेइनो कौन्सिलच्या उद्यान खात्यात होता. उन्हाळ्यात गवत कापायचं, बाकं रंगवायची, हिवाळ्यात वाटांवरचा बर्फ काढायचा. आणि लोकांना नियम पाळायला लावायचे. कुत्रा मोकळा सोडू नका, शेकोटी पेटवू नका, अकरानंतर बागेत थांबू नका. माणूस मऊ, त्यामुळे पोरं त्याला भीक घालत नसत. "कल्लिओकाका, ह्या बर्फानं पडायची परवानगी घेतलीय का हो?" असं ओरडून पळायची. तोही हसायचा.

एमिल देरोझिये गेला, त्यानंतर हसेनासा झाला.

एमिल आठ वर्षांचा होता. बेकरीवाल्या क्लोडेटचा एकुलता एक. आदल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, टेकडी पोरांनी फुललेली असताना त्याची घसरगाडी मध्येच वळली आणि सरळ पायथ्याच्या दिव्याच्या खांबावर गेली. जुना लाकडी खांब, हा एवढा जाड. रेइनो तिथंच होता. धावत आधी तोच पोचला. पुढचं मी सांगत नाही.

त्याच आठवड्यात कौन्सिलनं नियम केला. टेकडीवर घसरायला सक्त मनाई. पाटी लागली, उताराच्या माथ्यावर नारिंगी जाळी आली. बैठकीला क्लोडेट मागच्या रांगेत बसली होती. ती उठली.

"टेकडीनं काय केलंय?" ती म्हणाली. "मी तिथं घसरले, माझी आई तिथं घसरली. तो खांब काढा तेवढा."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचं दुःख ते आमचं दुःख. पण खांब हलवायचा म्हणजे मोजणी आली, वीजवाले आले. बर्फ वितळू दे, बघू."

बर्फ वितळला. कुणी बघितलं नाही. जाळी राहिली, पाटी राहिली आणि खांबही राहिला.

पुन्हा थंडी पडली तशी क्लोडेट रोज बेकरी बंद करून यायची आणि टेकडीसमोर गाडी लावून बसायची. दिवे तपासायला रेइनो आला की काच खाली करून उरलेला पाव त्याच्या हातात द्यायची. बोलणं फारसं नसे. एकदाच त्यानं विचारलं, "घरी का जात नाहीस गं, क्लोडेट? गोठशील इथं."

ती समोर बघत म्हणाली, "मी खाली उभी होते, रेइनो. असे हात पसरून. तो वरून निघाला... माझ्यापर्यंत आलाच नाही. वाट बघायची सवय मोडत नाही."

रेइनो पाव बगलेत धरून उभा राहिला.

तर त्या गुरुवारी. वाऱ्यानं जाळी पाडली होती. क्लोडेटची गाडी नेहमीच्या जागी होती. त्यानं हात केला, तिनं गाडीच्या दिव्यांची उघडझाप केली. मग हातोडा घेऊन तो मागच्या वाटेनं टेकडीवर चढला. वारा एव्हाना पडला होता. सरोवराच्या बाजूनं बर्फ तडकल्याचा आवाज येत होता, तेवढाच.

वर पोचला तर एक पोर.

उताराच्या तोंडाशी, घसरगाडीवर बसलेलं. पाठमोरं. कानांवर टोपी ओढलेली.

"ए!" रेइनो ओरडला. "ऊठ तिथनं. बंदी आहे इथं, दिसत नाही पाटी?"

पोर हललं नाही.

"कुणाचा रे तू? घरचे शोधत असतील. चल, ऊठ. नियम आहे, बाळा."

"माहीत आहे," पोर म्हणालं. "माझ्यामुळंच झाला तो."

रेइनो थांबला.

आजूबाजूला ताजा बर्फ होता. गुडघाभर. त्याच्या स्वतःच्या पावलांखेरीज त्यावर एकही खूण नव्हती. आणि रेइनोच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. त्या पोराच्या तोंडातून... काहीच नाही.

"सगळे माझ्यावर रागावलेत ना, काका?"

पोरानं मान वळवली नाही. वळवू नये, असं रेइनोला फार वाटत होतं.

"नाही रे," तो कसाबसा म्हणाला. "कुणी नाही रागावलं."

"मग कुणी येत का नाही? मी रोज बसतो. कुणीच येत नाही घसरायला."

रेइनोच्या हातातला हातोडा बर्फात पडला. आवाजही झाला नाही.  मग तो म्हणाला... का म्हणाला ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही... "आई खाली आहे बरं का तुझी. रोज येते."

"दिसते मला."

"मग जा ना तिच्याकडं."

"कसा जाऊ? बंदी आहे... आणि मध्ये तो आहे."

तो. खाली पिवळ्या उजेडात उभा खांब.



मग रेइनोनं जाळी दोन्ही हातांनी धरली आणि ओढत बाजूला नेऊन टाकली. पाटी उपटली. तीही टाकली. उताराच्या तोंडाशी येऊन त्यानं खाली हाक मारली.

"क्लोडेट!"

गाडीचं दार उघडलं.

"क्लोडेट, खांबापुढं ये. खांबापुढं... खाली बस."

तिनं का म्हणून विचारलं नाही. एवढंही नाही की, रेइनो, तू वर कुणाशी बोलतोयस. बर्फातून धडपडत आली, खांबाला पाठ लावून गुडघ्यांवर बसली आणि हात पसरले.

"जा," रेइनो म्हणाला.

"जाऊ ना? ओरडणार नाही ना?"

"नाही ओरडणार. जा, राजा."

घसरगाडीच्या पट्ट्या करकरल्या. तो आवाज त्यानं ऐकला. उतारावरून काहीतरी निघालं. वेगानं. खाली. आणखी खाली. मध्यावर ते वळलं, तसंच, त्या रविवारसारखंच... रेइनोनं डोळे मिटले.

आदळल्याचा आवाज आला नाही.

कसलाच आवाज आला नाही.

डोळे उघडले तेव्हा उतार रिकामा होता. खाली क्लोडेट तशीच गुडघ्यांवर होती. पण हात पसरलेले नव्हते. मिटलेले होते. छातीशी घट्ट. ती मागे-पुढे डोलत होती.

तो पडत-धडपडत खाली गेला. तिच्या पापण्यांवर आसवं गोठली होती.

"आला," ती म्हणाली. "रेइनो... किती गार पडलाय रे."

मग हळूहळू तिचे हात सैल झाले. तिनं आपल्या रिकाम्या मांडीकडं बघितलं. आणि रडली. एमिल गेला तेव्हा ती रडली नव्हती, हे गावाला माहीत आहे. त्या रात्री तिचं रडणं पार सरोवराच्या धक्क्यापर्यंत ऐकू आलं. सिल्वीनं आपल्या दारात ऐकलं, मी माझ्या. आम्हाला वाटलं, लांडगा आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रेइनोनं दिव्याची वीज तोडली आणि करवतीनं खांब बुडापासून कापला. कौन्सिलनं बोलावून घेतलं.

"कुणाच्या परवानगीनं कापलात?"

"कुणाच्याच नाही."

"कल्लिओ, नियम तुम्हाला आम्ही शिकवायचे का?"

"खांब पुन्हा लावलात तर पुन्हा कापीन," एवढंच तो म्हणाला. महिनाभर घरी बसवला त्याला. पण पुढच्या बैठकीला गाव लोटलं, बसायला खुर्च्या पुरेनात, आणि त्या हिवाळ्यातच बंदी उठली. तुमच्यातला थोरला तेव्हा पहिलीत असेल. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी कोण गेलं असेल खाली? क्लोडेट. पन्नाशीला टेकलेली बाई, पोरांच्या रांगेत उभी राहून. त्यानंतर ती संध्याकाळी गाडी घेऊन तिथं कधी आली नाही.

रेइनो गेला त्याला तीन वर्षं झाली. आता हे सांगायला हरकत नाही.

त्या रात्री त्यानं तिला उचलून गाडीत बसवलं तेव्हा तिच्या काळ्या कोटाच्या पाठीवर त्याला गोठलेलं दहिवर दिसलं. दोन पंजे. पसरलेली बोटं. कुणी घट्ट मिठी मारल्यावर उमटतील तसे. तिची पाठ तर खांबाला टेकलेली होती. मध्ये हात घालायला जागा नव्हती.

दहिवर बेकरीच्या भट्टीसमोर वितळलं. ठसे गेले नाहीत. लोकर तेवढी पांढरी पडली. तिनं धुऊन बघितलं, धुवायला देऊन बघितलं, मग नाद सोडला. अजून तोच कोट घालते ती. रविवारी चर्चमधून निघाली की मागचे लोक बोलायचे थांबतात, ते त्यामुळं.

मागच्या महिन्यात मी तिच्या पाठीमागच्याच बाकावर होतो. पहिल्यांदा बघितले होते तेव्हा ठसे आठ वर्षांच्या पोराचे होते. हे एवढेसे. प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या, तेव्हा मी हळूच माझा हात पुढं केला. टेकवला नाही. नुसता जवळ धरला.

माझ्या पंजापेक्षा मोठे झालेत.