एका डोळ्याची बाहुली

"ज्यानं हे केलं त्याचं नाव फक्त मला द्या. पुढचं मी बघते," असं म्हणत बाहुलीवालीनं फोन आत्याच्या पुढ्यात सरकवला.

आत्या लोकांची गुपितं शोधून द्यायची. तिच्या मागे पिशवी धरून चालायचा तो तिचा भाचा, चांगला तिशी उलटलेला बाप्या. विचार करायचं काम त्यानं कधीच आत्यावर सोपवून टाकलं होतं.

बाहुलीवालीनं नोकरी सोडून घरातच दुकान उभं केलं होतं. जेवणाच्या टेबलावर शिवणयंत्र, पलंगाखाली कापडाचे गठ्ठे, न्हाणीच्या दाराशी खोक्यांचा ढीग. कापडी बाहुल्या ती ऑनलाइन विकायची. मागणी ऐन भरात आली आणि ही तक्रार येऊन आदळली. साइटवाल्यांनी दुकान बंद ठेवलं होतं. तक्रार खोटी आहे हे दाखवता आलं नाही, तर ते कायमचंच बंद.

तक्रार एका पुरुषाच्या नावानं होती:

'भावाच्या लेकीसाठी ही बाहुली मागवली. डोळ्याचं बटण निघालं आणि भाचीच्या घशात अडकलं. जीव वाचला, एवढंच नशीब. या बाईच्या हातावर भरवसा ठेवू नका.'

खाली बाहुलीच्या चेहऱ्याचा फोटो होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्या जागी दोन भोकांचं काळं बटण. ओठ डाव्या गालाकडे जरासे चढलेले, काही सांगता सांगता थांबल्यासारखे.

"मला तो फोटो बघवत नाही," बाहुलीवाली मान फिरवून म्हणाली.

आत्यानं टेबलावरची तयार बाहुली उचलली. हसू तेच, पण डोळ्यांच्या बटणांना चार भोकं. तिनं विचारलं तेव्हा कळलं, की विकायला काढल्यापासून बटणं हीच.

"आणि हे हसू कुठून आणलंत?"

"सुचलं," बाहुलीवाली म्हणाली आणि दोऱ्याचं रीळ उगाचच गुंडाळत बसली. दुकानाच्या पानावरही तसंच लिहिलेलं होतं.

तिचा संशय कोपऱ्यावरच्या खेळणीवाल्यावर होता. भाच्याला तर तो माणूस बघताक्षणीच गुन्हेगार वाटला. त्याच्या फळ्यांवरच्या मोटारींवर धूळ साचली होती. हे तुमचे चिरंजीव का, असं त्यानं विचारलं.

"भावाचा मुलगा, माझा भाचा," आत्या म्हणाली. "माझा असता तर जरा चलाख निघाला असता."

खेळणीवाला खो खो हसला. मग उसासा टाकून म्हणाला, "माझ्या भावाची मुलगीसुद्धा तिचीच बाहुली उशाशी घेते. घरची पुतणीच उलटली, तर गिऱ्हाइकाला काय बोलू?"

दुसरी होती बाहुलीवालीची थोरली जाऊ. ती आधी खोकी बांधायला यायची. चिकटपट्टी वाकडी लावते म्हणून तिला चारचौघांत घरी पाठवलं होतं, आणि ते तिला अजून झोंबत होतं. पुतणीकडे, म्हणजे बाहुलीवालीच्या लेकीकडे, बघून गप्प बसले, असं तिनं सांगितलं. माहेरी सगळ्या बहिणीच. एखादा भाऊ असता, तर तिच्याशी असं बोलायची कुणाची छाती झाली नसती, हेही तिनं दोनदा ऐकवलं.

तिसरी होती बाहुलीवालीची नणंद. चष्म्याच्या दुकानात ती काचा बसवायची. बोलताना तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"बाहुल्या सुरेख आहेत," ती म्हणाली. "आमची आई असंच हसायची. डावीकडून."

तुम्ही शिवता का, असं आत्यानं विचारलं.

"शिवायची."

बाहेर पडल्यावर भाचा म्हणाला, "खेळणीवालाच. तक्रार पुरुषाची, आणि पाय त्याच्याच पोटावर आलाय."

आत्यानं बाहुलीवालीच्या घरी नणंदेला बोलावून घेतलं. दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसल्या.

"तू माझा कोण?" आत्यानं भाच्याला विचारलं.

"भाचा."

"आणि तुझ्या काकांचा?"

"पुतण्या." तो एवढं म्हणाला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"भावाच्या लेकीला पुरुष पुतणी म्हणतो. भाची म्हणते ती बाई. तक्रार लिहिणाऱ्यानं आलो-गेलो, आले-गेले असलं काही येऊ दिलं नाही. पुरुष होण्याची सगळी मेहनत घेतली, पण नातं आडवं आलं. खेळणीवाला सुटला. जावेला भाऊच नाही. तिलाही ही पुतणीच. राहता राहिली आत्या."

"अशा आत्या जगात पुष्कळ असतील," बाहुलीवाली पुटपुटली.

"असतील. पण फोटोतल्या बटणाला दोन भोकं आहेत. ही बाहुली तुमच्या दुकानात कधी विकलीच गेली नाही. ती दुकानाच्या आधीची. तुमच्या लेकीला कुणी करून दिली होती?"

बाहुलीवालीनं दोऱ्याचं रीळ पुन्हा हातात घेतलं.

"मी," नणंद म्हणाली. "आई गेल्यावर. तिचं हसू विसरेन म्हणून आधी कापडावर उतरवून ठेवलं, मग भाचीला दिलं. हिनं त्याचा साचा काढला. माझ्या आईला खोक्यात भरून गावोगाव पाठवलं, आणि खाली लिहिलं, मला सुचलं. एकदा विचारलं असतंस, तर मीच डोळे लावून दिले असते गं."

"पण भाची कसं लिहून गेलात?" भाच्याला राहवलं नाही.

"पाठवताना दिसला तो शब्द. पुतणी लिहायला बोटच वळेना."

बाहुलीवाली उसळून उठली. आत्ताच्या आत्ता साइटवाल्यांना कळवते, सगळ्यांसमोर नाक कापते, असं बरंच बोलली.

"कळव ना," नणंद शांतपणे म्हणाली. "काय कळवशील?"

बाहुलीवालीनं लॅपटॉप ओढला. फोटोतली बाहुली माझी नाही, इथवर तिनं भराभर लिहिलं. पुढे बोटं थबकली. माझी नाही, तर कुणाची? पहिली कुणी केली? त्याचं उत्तर दिल्याशिवाय तक्रार खोटी ठरत नव्हती, आणि दिलं की तिचं 'सुचलं' खोटं ठरत होतं. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती.

भाच्याला त्या क्षणी उमगलं, की नणंदेनं फोटो चुकून निवडलेला नव्हता.

बाहुलीवालीची बोटं पुन्हा कळांवर टेकली. मग एकेक अक्षर उमटू लागलं. नणंद उठून तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"वाच."

बाहुलीवालीनं खालमानेनं वाचलं, "ही बाहुली, आणि हे हसू, माझ्या नणंदेचं आहे."

"पुन्हा वाच," नणंद म्हणाली. "मोठ्यानं."