तिसऱ्या रांगेतला डाग

सिनेमे दुरुस्त करणाऱ्यांना सिनेमा बघायचा कंटाळा येतो, असं त्या कचेरीत सगळेच म्हणत. भिंगबाईचं मात्र उलटं होतं. दिवसभर जुन्या चित्रपटांवरचे ओरखडे, धूळ आणि बुरशीचे ठिपके पुसायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन वडिलांच्या शेजारी बसून पुन्हा सिनेमाच बघायचा. त्यावरून सहकाऱ्यांनी तिला बरीच नावं ठेवून बघितली. त्यातलं भिंगबाई हे तेवढं टिकलं.

वेड मूळचं वडिलांचं. आई लवकर गेली. सुट्टीच्या दिवशी एवढ्याशा पोरीला कुठे न्यायचं हे त्यांना सुचेना, म्हणून ते तिला थिएटरात नेऊ लागले. गर्दीत आधी ते घुसत, तिसरी रांग गाठत आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून तिची जागा धरत. आता त्यांचे गुडघे गेले होते, थिएटर सुटलं होतं; पण संध्याकाळी सहाला टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडलेल्या असतच. तिला त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. त्यांना काही झालं तर, या विचारापाशी ती नेहमी मागे फिरत असे.

कामाची रीत सोपी होती. एका सेकंदाला चोवीस फ्रेम. संगणक प्रत्येक फ्रेम तिच्या आगेमागेच्या फ्रेमशी ताडून बघे. जे मागच्या फ्रेममध्ये नाही आणि पुढच्यातही नाही, ते चित्र नव्हे, घाण. तिथे लाल चौकोन उमटे. मग भिंगबाई शेजारचा स्वच्छ तुकडा उचलून त्यावर लावी, की डाग गेला. दिवसाला तीनेकशे डाग ती असे गप्पा मारता मारता निकालात काढी.

त्या सोमवारी एक विनोदी चित्रपट कामाला आला. कृष्णधवल, वडिलांच्या जन्माच्याही आधीचा. त्यात थिएटरातला चार मिनिटांचा प्रसंग होता. पडद्याकडे बघून हसणारे प्रेक्षक. तिसऱ्या रांगेत एका रिकाम्या खुर्चीवर लाल चौकोन आला. करडा डाग होता. तिने पुसला. आठ-दहा फ्रेम गेल्या आणि पुन्हा तिथेच. तोही पुसला. एकाच जागी इतकी धूळ बसत नाही, हे एरवी तिच्या लक्षात आलं असतं. पण शुक्रवारी काम द्यायचं होतं आणि हात सवयीने चालत होते. संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवरचे चाळीस डाग गेले.

घरी सिनेमा बघता बघता वडिलांनी विचारलं, हा मधेमधे कापलाय का? माणूस दारात असतो आणि एकदम खिडकीपाशी दिसतो. तिला तर सगळं सलग दिसत होतं. डोळे तपासून घेऊ या, असं म्हणून तिने विषय मिटवला.

मंगळवारी डाग वाढले. तिने ऐंशी पुसले.

बुधवारी दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. त्या रोज वडिलांकडे डोकावून जात. आज खुर्ची रिकामी होती, म्हणून त्या घाबरून खाली फाटकापर्यंत बघून आल्या. वर येतात तर स्वारी खुर्चीतच पेपर वाचत बसलेली. मी जागचा हललोच नाही, असं ते काकूंनाच बजावत होते. काकू हसत हसत सांगत होत्या, पण फोन ठेवायच्या आधी आज जरा लवकर ये म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ती चहा टाकत होती आणि वडील बाहेरून जुन्या खलनायकांची टर उडवत होते. बोलता बोलता त्यांचा आवाज अर्ध्या शब्दावर तुटला. तिने दारातून वाकून बघितलं. खुर्चीत कोणी नव्हतं. उशीवर पाठीचा खळगा मात्र तसाच होता. मग ते खुर्चीत होते आणि उरलेला अर्धा शब्द बोलत होते.

तिचा चेहरा बघून त्यांनी खलनायकांना सोडून दिलं.

“चिमे,” ते हळूच म्हणाले, “मधेमधे मी नसतो गं.”

गुरुवारी सकाळी तिने पहिल्यांदा त्या डागाची फ्रेम मोठी करून बघितली. इतके दिवस तिने नुसते चौकोन बघितले होते. आजूबाजूचे प्रेक्षक पडद्याकडे बघून हसत होते. तो माणूस हसत नव्हता. तो कॅमेऱ्याकडे तोंड करून बसला होता, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा. अंगात स्वेटर. त्याचं तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा मोठं होतं. ते तिनेच, मागच्या थंडीत, दुसरं सापडेना म्हणून लावलं होतं. शेजारच्या खुर्चीवर रुमाल होता.

आपल्या बापाला आपण तीन दिवस आपल्या हाताने पुसत होतो.

नशिबाने न पुसलेली मूळ प्रत अजून डिस्कवर होती. तिने जेवणाची सुट्टी घेतली नाही. पुसलेले एकूण एक तुकडे तिने परत आणले. पुन्हा कोणी त्यांना घाण म्हणू नये म्हणून ते आगेमागेच्या फ्रेममध्येही बसवले, चार मिनिटं भरेपर्यंत. आता बाबा मागच्या फ्रेममध्ये होते आणि पुढच्यातही. संगणकाने सगळा प्रसंग तपासला. एकही चौकोन आला नाही.

त्या संध्याकाळी वडिलांनी अख्खा सिनेमा सलग बघितला. नको तिथे टाळ्या वाजवल्या, नायिकेच्या भावाला यथेच्छ शिव्या घातल्या. ती आत जाऊन पोटभर रडली. इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बस तिच्यासमोरून न थांबता निघून गेली. तिने हात केला होता. दुसऱ्या बसमध्ये एक बाई तिच्या मांडीवर बसता बसता दचकली आणि माफी मागून उभी राहिली.

कचेरीत साहेब तिच्याच जागेवर बसले होते. स्वारी खुशीत होती.

“मूळ प्रत सकाळीच परत धाडली,” ते म्हणाले. “एकदा शेवटची नजर टाकली, तर तुझ्या त्या तिसऱ्या रांगेत थोडी घाण राहिलेली. म्हाताऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर. तू कशाला हात दुखवतेस, म्हणून आपोआप पुसायला लावून दिलंय.”

“कसली घाण?”

“बाईसारखं काहीतरी दिसत होतं.”

ती टेबलाकडे धावली. पडद्यावर आकडे पळत होते. थांबवा, ती ओरडली.

“झालंच बघ,” साहेब म्हणाले.

आकडे थांबले.

तिने त्यांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला. तिने त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी दंड खाजवला, दिवा मालवला आणि दार ओढून घेऊन निघून गेले.

दिवसभर ती कचेरीत एकेकाला हाक मारत फिरली, मग घरापर्यंत चालत आली. कोणाचा धक्का लागला नाही.

बेल वाजवली. ती वाजली की नाही, तिला कळलं नाही. पण सहा वाजायला आले होते आणि दार उघडलं. दारात वडील होते, धडधाकट. त्यांनी तिच्या खांद्यावरून जिन्याकडे बघितलं.

“बाबा,” ती म्हणाली.

ते कठड्यापर्यंत आले, वाकून खालच्या वळणापर्यंत बघितलं, थोडा वेळ थांबले. मग आत गेले आणि दार लोटून घेतलं. ती येईल म्हणून कडी लावली नाही.